खारसांबराने चाटलेला शर्ट

अन्नपूर्णेने कुंपणावरच्या शर्टाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. काल संध्याकाळी त्याच्या पाठीवर वाळलेल्या घामाच्या मिठाचे पांढरे डाग होते. आता तिथे नुसतं गार, ओलसर कापड उरलं होतं. शेजारच्या सिंधुताईंच्या कुंपणावरचे शर्ट मात्र जसेच्या तसे, कडक आणि पांढुरके.

खारसांबर येऊन गेलं होतं.

नव्या इंजिनिअर पोरांना हसायचं असेल तर त्यांनी खुशाल हसावं. भट्टीवाल्यांच्या या कॉलनीत त्या जनावराला देवाच्याही आधी मानतात. लोखंडाचा डोंगर खोदून मालगाडीत भरून इकडे आणला, तेव्हा त्या डोंगराची खार चाटून जगणारं सांबर रुळांच्या कडेने मागोमाग आलं म्हणे. डोंगराचं मीठ भट्टीने खाल्लं, म्हणून ते आता भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसांच्या घामात शोधतं. शिंगं तापल्या सळईसारखी लाल, आणि पावलांचा आवाज नाही. बंद ठेवलेली भट्टी पुन्हा पेटवायची असली की आदल्या संध्याकाळी प्रत्येक भट्टीवाल्याचा बिनधुतलेला शर्ट कुंपणावर टांगायचा. सांबराने ज्याचं मीठ चाटलं, त्याने भट्टी पेटेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मागे एकाने टाकलं होतं. त्याच्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं, आणि त्या घराचा विषय कोणी काढत नाही.

शर्टाच्या खिशावर लाल दोऱ्याने भरलेलं नाव होतं पंजाबरावांचं. अन्नपूर्णेनेच भरलेलं.

"तुमी आज जात नाही," तिने नवऱ्याला बजावलं.

"अवं, आज भट्टी पेटून राहिली. मी नसलो तं कोन उभं राहीन?"

"कोनीबी राहो. मी नाही जाऊ देत."

पंजाबराव जन्माचे हट्टी. पण बायकोने शर्ट पुढे धरला तेव्हा त्यांनीही नजर चोरली आणि मुकाट्याने सुट्टीचा फोन केला. तरी तिला भरवसा वाटेना. आपली पाठ वळली की हा माणूस मागच्या दाराने सटकणार, हे ती ओळखून होती. मुलगा पीयूष हेल्मेट घालून ड्यूटीला निघाला होता. तिने नवऱ्याचा गेटपास उचलला आणि पीयूषच्या खिशात घातला.

"हा तुह्याजवळच राहू दे. पास नाही तं गेटवरून आत कोन सोडते तुह्या बाबाले?"

पीयूष हसला. तो कंट्रोल रूममध्ये एसीत बसणारा, त्याचा शर्ट टांगायचा प्रश्नच नव्हता. "आई, टेन्शन मत ले. बाबांच्या जागेवर आज मी उभा राहतो. साहब को बोल दिया."

तिने त्याच्या हातावर दही ठेवलं. पोरगा बापाच्या कामाला आला म्हणून तिला फार बरं वाटलं. त्याची गाडी दिसेनाशी झाल्यावर तिने देवापुढे साखरही ठेवली.

चहा घेऊन बाहेर आली, तर पंजाबराव तो शर्ट मांडीवर घेऊन बसले होते. चेहरा पांढराफटक.

"हा तू कुठून घेतला?"

"खुंटीवरून. काल दुर्गहून आली तं तिथंच होता. कावून?"

"बाहीले हे जळकं भोक पाह्य. माह्या शर्टाले भोक नव्हतं. काल माहा ऑफ होता. भट्टीपाशी साफसफाई होती म्हणून पीयूषले खाली उतरवलं. त्याच्यापाशी जाड शर्ट नव्हता. दिवसभर हा त्यानंच घातला होता."

अन्नपूर्णेने चहा खाली ठेवून शर्ट ओढून घेतला. खिशावर नाव बापाचं होतं, पण सांबराला वाचता कुठे येतं? त्याने तिच्या पोराचा घाम चाटला होता. आणि पोराला दही देऊन भट्टीसमोर पाठवलं होतं तिनेच.

तिने फोन लावला. भट्टीवर मोबाइल नेऊ देत नाहीत, तो तिकडे लॉकरमध्ये वाजत राहिला. कंट्रोल रूमचा नंबर सारखा एंगेज लागत होता.

पंजाबरावांनी बूट चढवले, लेस बांधायलाही थांबले नाहीत. स्कूटर अंगणातून बाहेर काढत त्यांनी मागे न बघताच हात पुढे केला.

"हात धरून ओढून आणतो त्याले. आन, माहा पास आन लवकर!"

अन्नपूर्णा दारातच उभी राहिली. त्यांचा हात तसाच पसरलेला होता, आणि पास तिने सकाळी स्वतःच्या हाताने पीयूषच्या खिशात घातला होता.