पेटीतला ढावलो

बादलला एका हाकेत कधी ऐकू गेलं आहे का? पहिल्या हाकेला तो हलत नाही. दुसरीला एका कानातलं बटण काढतो. तिसरीला म्हणतो, "काय म्हणतं दादी?" आणि डोळे फोनातच. तोवर दूध उतू गेलेलं असतं, नाहीतर बकरी तुरीत शिरलेली असते. एवढा घोडा झाला, घाटंजीला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, दुसऱ्यांचे फोन बोलते करतो आणि घरी आला की स्वतः मुका.

माझ्या सासूसमोर असं कोणी बसलं असतं तर तिनं तो फोन चुलीत घातला असता. मी घातला नाही, कारण पोर आईविना आहे. माझी सून पुष्पा, त्याची आई, तो दहावीत असताना गेली. पित्त झालं, पित्त झालं म्हणता पोट फुगलं आणि यवतमाळला पोचेपर्यंत सगळं संपलं. त्याचा बाप देवीलाल तेव्हापासून कापसाच्या जिनिंगवरच कामाला राहतो, सणावारी घरी येतो. घरात उरलो तिघं. मी, बादल, आणि खाटेवर माझा नवरा लखीराम. त्याचं डावं अंग लकव्यानं नेलं. उजवा हात आणि जीभ ठेवली. जीभ नेली असती तर मला जरा आराम होता.

फोनात हा पोरगा पाहतो काय, म्हणून एकदा मागं जाऊन उभी राहिले. मला वाटलं पोरी पाहत असेल. तसं असतं तर बरं झालं असतं, लग्न लावून मोकळी झाले असते. पाहते तर पेट्या. कोणी लाकडाच्या खोक्यात स्प्रिंगा ताणून बसवल्या होत्या. कोणी बिस्किटाच्या डब्याला बटणं लावली होती. एका गोऱ्या बाईनं झाडाच्या पानाला वायर अडकवली होती, आणि पानाला बोट लावलं की डबा विव्हळायचा.

"हे सिंथ हाये दादी, आवाज काढाची पेटी. कंपनीचं नाही, एकेक माणूस घरी बसून हातानं बनवते. जगात अशी एकच राह्यते. रात्रंदिवस धुंडलं तवा सापडते."

"हातानं तं मीबी चूल बनवते. तिचा फोटो काढते कोणी?"

"चुलीतून आवाज येते काय?"

"भाकर येते. यातून गाणं येते काय?"

"गाणं नाही. आवाज. कोणी ऐकला नसन असा."

"आवाज आपल्या म्हशीलेबी हाये," मी म्हटलं. खाटेवरून लखीराम हसला. अर्ध्या तोंडानं हसायचा तो, पण हसायचा पोटातून. जवानीत होळीला थाळी वाजवण्यात त्याचा हात धरणारा तांड्यात कोणी नव्हता. काशाची थाळी तो अशी बोलती करायचा की पोरी पाणी भरायचं विसरायच्या. मी पण विसरले होते, म्हणून तर या घरात आले.

मग पुण्याच्या कोण्या पोरानं बनवलेली एक पेटी कुरिअरनं आली. बादलनं ती उघडली, आतलं सगळं पाहिलं आणि आपण स्वतः बनवायला बसला. फवारणीचा जुना पंप होता आमचा, टाकी फुटलेला. त्याची बॅटरी काढली, टाकी कापून तिचं खोकं केलं. जुन्या रेडिओची बटणं बसवली. आणि आजाच्या थाळीच्या मागं एक चकती चिकटवून तिची वायर खोक्यात सोडली. लखीरामच्या उजव्या हाताशी थाळी ठेवली आणि म्हणाला, "वाजव दादा."

त्यानं बोटानं टिचकी मारली. खोक्यातून असा आवाज निघाला की दारातली कोंबडी उडाली. टिचकी संपली तरी आवाज थांबेना, विहिरीत कोणी घागर सोडतच आहे असं खोल खोल जात राहिला. लखीरामच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"सुखी, ऐकतं काय? मी मेल्यावरबी वाजीन मी."

"जितेपणी वाजले तेवढं पुरे हाये," मी म्हटलं. पण त्या दिवशी त्यानं दोन भाकरी खाल्ल्या, हे मी पाहिलं. 

पुढचं सांगायचं तर आधी ढावलो सांगावा लागेल. आमच्या गोर बंजारा लोकांत रडणंही शिकावं लागतं. पोरगी सासरी निघते तेव्हा आणि माणूस जातो तेव्हा बाई सुरात रडते, गेलेल्याचं नाव घेते, त्यानं काय केलं, काय राहिलं ते सांगते. तो ढावलो. एकटीचा ढावलो होत नाही. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं तिच्या गळ्यात हात घालून ती उचलायची. म्हणून ढावलो कानी पडला की बाईनं हातातलं टाकायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि निघायचं. कोण गेलं ते पोचल्यावर कळतं. भांडण असलं तरी जायचं. आणि घरात ना लग्न ना मरण, असं असताना ढावलो तोंडात आणायचा नाही. माझ्यासारखा ढावलो या तांड्यात कोणाचा नाही. हे मी म्हणत नाही, माझ्याशी बोलणं टाकलेल्या बायका म्हणतात.

पुष्पा गेली तेव्हा मी तिच्यावर ढावलो घातला. तू कापूस वेचायला गेली तर तुझी ओटी सगळ्यांच्या आधी भरायची, असं म्हणाले. तुझ्या पोराला आता कोण उठवेल, असं म्हणाले. त्या वेळी बादल दाराआड उभा राहून फोनात ते भरून घेत होता. मला माहीत नव्हतं.

एका दुपारी मी अंगणात तूर पाखडत होते आणि घरातून माझंच रडणं आलं. माझा गळा, माझी ओळ, पुष्पाचं नाव. हातातलं सूप पडलं. आत गेले तर बादल पेटीशी बसलेला, फोनातलं ते रडणं पेटीत घातलेलं. बटण फिरवलं की माझा आवाज ताणला जायचा, कणीक ओढावी तसा. उलटं फिरवलं की जाड व्हायचा, चिखलात ट्रॅक्टर रुतल्यासारखा.

मी त्याच्या पाठीत बुक्की घालणार, तोच दारात पावलं वाजली. शेजारची राखी आधी आली, कोपरापर्यंत पिठानं भरलेली, कडेवर लेकरू. तिच्यामागं बायकांचा लोंढा. दोघी तर शेतातून पळत आल्या, ओट्यांतला कापूस वाटेनं सांडत. राखीनं येताच माझ्या गळ्यात हात टाकला आणि ओळ उचलली. मी रडत नाही हे तिला कळायला वेळ लागला. बायकांमागून आमचा नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, खेमसिंग, पटका काढून हातात धरून आला आणि सरळ खाटेपाशी गेला. खाटेवर लखीराम जिवंत. म्हणतो, "या नायक, बसा. माहीच वाट पाहून राह्यले काय सगळे?"

कोणी हसलं नाही. राखी माझ्यापासून बाजूला झाली. तिच्या हाताचं पीठ माझ्या पोलक्याला तसंच राहिलं. "काकी, हे काय खेळणं हाये?" म्हणाली. नायकानं बादलला सगळ्यांसमोर हात जोडायला लावले. त्यानं जोडले.

बायका गेल्यावर मी विचारलं, "कायले केलं?"

तेव्हा त्यानं दोन्ही कानांतली बटणं काढली. "दादी, याडीचं नाव आणखी कुठं हाये सांग. एक फोटो हाये, तोबी आधार कार्डावरचा. या रडण्यातच तिले कोणी हाक मारून राह्यलं." आईला आम्ही याडी म्हणतो. मी अंगणात जाऊन सांडलेली तूर वेचायला बसले.

तिथंच ते संपायला पाहिजे होतं. पण त्यानं त्या पेटीचा आवाज फोनावरून जगाला ऐकवला होता. दूरदेशीच्या कोण्या माणसानं लिहिलं, असा आवाज जन्मात ऐकला नाही, मला अशीच पेटी बनवून दे. मग आणखी एकानं. बादल पेट्या बनवू लागला, आणि बनवली की वाजवून पाहावी लागे.

मी म्हटलं, "रडणं माह्यं हाये. काढ ते त्यातून."

"दादी, कानात घालूनच वाजवतो. पण भोंगा तपासाले तं मोठ्यानं लावाच लागते."

"वाजवू दे नं," खाटेवरून लखीराम. "तुह्या आवाजाले मोल आलं तं पोटात काहून दुखते?"

"तुमचं अर्धं अंग गेलं, अक्कल पुरी गेली," मी म्हटलं. दोघं माझ्याविरुद्ध एक झाले होते. पोराला बाप भेटत नव्हता आणि म्हाताऱ्याला दिवस जात नव्हता. त्यांच्या मध्ये ती पेटी होती.

पहिल्या खेपेनंतर पेटी वाजली की बायका दारापर्यंत यायच्या, कान द्यायच्या आणि परत जायच्या. नंतर दारापर्यंतही येईनात. विहिरीवर पोरी म्हणायच्या, "सुखीदादी आज लवकर रडली वाटते." पिठाच्या गिरणीची फटफट कोणी ऐकतं का? तसं झालं माझं रडणं. मी विहिरीवर गेले की पोरी गप्प व्हायच्या आणि मी वळले की हसायच्या.

कापसाची दुसरी वेचणी चालू होती. बादल तयार झालेल्या दोन पेट्या घेऊन यवतमाळला कुरिअरमध्ये टाकायला गेला होता. लखीरामनं सकाळी चहा घेतला, थाळीला टिचकी मारली. वायर काढलेली होती. नुसती काशाची थाळी वाजली, लहानशी. तो म्हणाला, "आज बेसूर लागते." मी म्हटलं, "तुमचा कान बेसूर." जेवायच्या वेळी मी वाटीत भाकर चुरून घेऊन गेले तर त्याचा हात थाळीवरून खाली लोंबत होता. हात उचलून ठेवला. पुन्हा खाली आला.

वाटी बाजूला ठेवली. त्याचे डोळे मिटले. डोक्यावर पदर घेतला आणि ढावलो टाकला.

सगळा जीव लावून टाकला. लखीरामचं नाव घेतलं. होळीचं सांगितलं, थाळीचं सांगितलं, पाणी भरायचं विसरलेल्या पोरीचं सांगितलं. एक ओळ टाकली आणि थांबले, कोणी उचलेल म्हणून. भिंतीपलीकडे राखीच्या घरी पाटा चालू होता. तो चालूच राहिला. दुसरी ओळ टाकली. विहिरीवर रहाट वाजत होता, तोही थांबला नाही. वाटेनं दोघी बोलत गेल्या, मला त्यांच्या चपला ऐकू आल्या. एकीनं म्हटलं, "आज तं लईच मोठ्यानं लावलं बाप्पा."

मी उठून दारात जाऊ शकत होते. राखीला हाक मारू शकत होते, अगं, काका गेला म्हणून. पण घरात माणूस मेला की बाई दारात जाऊन सांगत नाही, ढावलो सांगतो. आणि माझा ढावलो खरा आहे हे मी कोणाला पटवायला जाऊ? मी बसले. लखीरामचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओळ टाकत राहिले. उचलायला कोणी नाही म्हणून शेवटी माझी मीच उचलली. असं आमच्यात कोणी करत नाही. गळा चिरत गेला. आवाज त्या पेटीसारखा जाड झाला.

तेव्हा भिंतीपलीकडून राखी ओरडली. "बादल! बंद कर रे ते! पोरगी झोपली माही, कवाचं केकाटून राह्यलं!"

मी थांबले नाही. मग ती स्वतः आली, पदर खोचून, भांडायच्या तयारीनं. दारात आली आणि तिला लखीरामचा लोंबता हात दिसला. ती उंबऱ्यातच खाली बसली. तिनं ओळ उचलली नाही. उचलायला माझ्याकडे ओळच उरली नव्हती.

त्यानंतर सगळे आले. नायक आला, देवीलालला फोन गेला. बायका रडल्या, चांगल्या रडल्या. पण सुरुवात ती गेलीच. नवऱ्यावर घातलेला माझा पहिला ढावलो तांड्यानं कामं करता करता ऐकला. बादल संध्याकाळच्या एसटीनं उतरला तेव्हा आजा अंगणात काढलेला होता. लोकांनी त्याला वाट करून दिली. राखी तर त्याच्याकडे पाहीना, आणि माझ्याकडेही नाही.

दिवस उरकले. देवीलाल जिनिंगवर परत गेला. त्या सकाळी मी चुलीपाशी होते. बादलनं खोकं अंगणात आणून ठेवलं, आमची पहिली पेटी, पंपाच्या टाकीची. हातात पाट्यावरचा वरवंटा होता. कानात बटणं नव्हती. डोळे सुजलेले. त्यानं वरवंटा वर उचलला.

मी एकच हाक मारली. "बादल."

पहिल्या हाकेला थांबला तो, जन्मात पहिल्यांदा.

"ठेव तो वरवंटा. मले चटणी वाटाची हाये."

"दादी, मी हे फोडतो. सगळं मिटवतो. फोनातलंबी."

"फोडून तू मोकळा होशीन. मंग मी कशी मोकळी होऊ?" मी चुलीपुढून उठले आणि त्याच्यासमोर उभी राहिले, कारण हे बसून सांगायचं नव्हतं. "ऐक. ही पेटी फोडाची नाही आन् विकाची नाही. तुह्या याडीचं नाव तिच्यात हाये, ते राहू दे. माह्या तोंडातून आता ढावलो निघत नाही. लग्न असो का मरण, कोणी बोलावलं तरी नाही. मी मेली की हीच लाव, भोंगा पुरा उघडून. कोणाच्या दारी सांगाले जाऊ नको. राखीले नाही, नायकाले नाही. माह्यं डोकं मांडीवर घेऊन बस, जशी मी बसली. कोणी आलं तं आलं. नाही आलं तं पेटी टाकन ते ओळ तू उचल. तुले येत नाही, मले माहीत हाये. मीबी शिकवणार नाही."