टॅडचा डांबरी सुगंध

टॅड विश्नेव्स्की अमेरिकेतल्या मिलवॉकीत बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि दर शुक्रवारी आमच्या, बॉल घरंगळवून पिना पाडायच्या, बोलिंगच्या टीममध्ये खेळायचा. माणूस सोन्यासारखा, फक्त त्याच्या अत्तराचा विषय काढू नका. अत्तराचं नाव 'ओल्ड पीअर', म्हणजे बंदरातला जुना धक्का. वासही तसाच: डांबर, ओले दोरखंड, धुरावलेले मासे आणि सगळ्यात शेवटी, टॅडच्या म्हणण्याप्रमाणे, मधाचा एक थेंब. तो मध आमच्यापैकी कुणाला कधी सापडला नाही. मला तर सुकट आठवायची.

बाकी सगळे 'ब्लू समिट' मारायचे. लिंबू, साबण आणि नुकता इस्त्री केलेला शर्ट. चर्चमध्ये तोच वास, बँकेत तोच, न्हाव्याकडे तोच. टॅडचा मेहुणा ग्लेन तर इतका मारायचा, की तो यायच्या आधी त्याचा वास येऊन खुर्ची धरून बसायचा.

"काल लिफ्टमध्ये एक बाई म्हणाली, किती छान वास येतोय," ग्लेनने एकदा सांगितलं. "तुला काय म्हणतात रे लोक?"

"लोकांनी म्हणावं म्हणून मी लावत नाही."

"म्हणतात की," टॅडची बायको लोरेन म्हणाली. "मी म्हणते, गाडीची काच खाली कर. जानेवारीतसुद्धा."

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस आले. शुक्रवारी मटण बंद, म्हणून तळलेले मासे खायला अर्धी वस्ती बोलिंग हॉलमध्ये लोटायची. तिथे ग्लेनने डाव मांडला. दोन पेले, एकात ब्लू समिट आणि एकात ओल्ड पीअर शिंपडलेल्या कागदाच्या पट्ट्या, नाव कुठेच नाही. ज्याला जो वास आवडेल त्याने त्या पेल्यापुढे बियरच्या बाटलीचं झाकण ठेवायचं.

थोड्याच वेळात एका पेल्यापुढे झाकणांचा ढीग झाला. दुसऱ्यापुढे एकच झाकण. ते शेफर आजोबांचं.

"आजोबा, तुम्हाला हा वास खरंच आवडला?" टॅडने गहिवरून विचारलं.

"फार," आजोबा म्हणाले. "पण मासा कधी येणार? मी केव्हाचा बसलोय."

हॉल इतका हसला की पलीकडे कुणाचा तरी बॉल हातातून सुटून शेजारच्या लेनवर गेला. टॅड खुर्चीवर चढला.

"हसा," तो म्हणाला. "सगळ्यांना आवडतो तो वास, कबूल. पांढरा पावही सगळ्यांना आवडतो. पण पाव खाऊन कुणाला रडू आलंय? हा वास घेतला की मी सरोवराकाठी उभा असतो, डांबराने हात काळे झालेले असतात, आणि बाप म्हणतो, शाबास पोरा, होडी गळत नाही आता. मला कुणाला खूश करायचं नाही. मला तिथे जायचंय."

मग लोरेन म्हणाली, "जा, पण काच खाली करून जा," आणि पुन्हा हशा उसळला. तिने हे सगळं फोनवर टिपलं होतं. बहिणींना गंमत म्हणून पाठवलं. बहिणींनी आणखी कुणाला पाठवलं, आणि आठवडाभरात टॅडचं खुर्चीवरचं भाषण गावभर झालं, मग गावाबाहेर गेलं.

पुढे जे झालं त्याला तोड नाही. मॉलमधल्या काउंटरवर ओल्ड पीअरसाठी रांग लागली. कॉलेजची पोरं डांबराचा वास घेऊन डोळे मिटू लागली. न्हावी धुरावला, बँकेचा मॅनेजर धुरावला. एका शुक्रवारी आम्ही बोलिंग हॉलचं दार उघडलं तर आत बंदरच भरलेलं. मधोमध ग्लेन उभा, डांबराने दरवळलेला.

"तू पण?" टॅडचा आवाज खाली गेला.

"लिफ्टमधल्या बाईला विचारलं," ग्लेन म्हणाला. "ती म्हणाली, आता भारदस्त वाटतोस."

टॅड त्या दिवशी एकही पिन धड पाडू शकला नाही. घरी जाऊन त्याने बाटली कपाटात ढकलली. दोन-तीन आठवडे नुसत्या साबणावर राहिला. शेवटी एका सकाळी ग्लेनने टाकून दिलेली ब्लू समिटची बाटली त्याने सूड म्हणून उचलली आणि अंगभर मारली.

त्या दिवशी किराणा दुकानातली मुलगी हसून बोलली. डेपोतल्या साहेबाने कधी नव्हे ते डोनट पुढे केला. संध्याकाळी लोरेन सोफ्यावर येऊन त्याच्या खांद्याला डोकं लावून बसली. टॅड हललाच नाही.

"खरं सांगू?" तो शेवटी कुजबुजला. "छान आहे गं. पहिल्यापासून छानच होता बहुतेक. मीच स्वतःला तो कधी नीट घेऊ दिला नाही."

"मग त्या ओल्ड पीअरचं काय?"

टॅड उठला, कपाटातली बाटली काढून मनगटावर एकदाच मारली आणि बराच वेळ नाक लावून उभा राहिला. गावभर तोच वास होता. तरी सरोवर जागच्या जागी होतं, बापही होता.

"अजून जाता येतंय तिथे," तो म्हणाला आणि असा हसत सुटला की लोरेनलाही हसू आवरेना.

उन्हाळ्यात पोरांना नारळाच्या वासाचं नवं खूळ लागलं. काउंटरवाल्याने उरलेला ओल्ड पीअर निम्म्या भावात काढला, आणि टॅडच्या वाढदिवसाला लोरेन अख्खं खोकं उचलून घेऊन आली.

"माझ्या आईकडे जाताना निळी बाटली," खोकं टेबलावर आपटत ती म्हणाली. "बाकी दिवस तुझे."

टॅडने लगेच खोकं फोडलं. ती खिडकी उघडायला गेली, मग वळली, त्याच्या मानेजवळ नाक नेलं आणि कपाळाला आठी घालून थांबली.

"थांब जरा," ती म्हणाली. "हा मध कुठून आला?"