तॉर्नीच्या झाडातली गोळी

माझ्याकडे एकोणीस जुन्या रायफली आहेत. सगळ्या स्वीडिश, सगळ्या हाताने बोल्ट मागे ओढून भरायच्या, आणि बहुतेक माझ्याहून वयाने मोठ्या. गावात कुणाचं घर आवरायला काढलं आणि माळ्यावर अशी एखादी सापडली, की मला फोन येतो. "बार्ब्रो, ही कुठली ते जरा सांगून जा." मी जाते. शिक्के, नंबर, दस्त्याचं लाकूड, बोल्टची मूठ सरळ की वाकवलेली, एवढ्यावर साधारण साल सांगते. नळीचं मात्र बाहेरून कळत नाही. त्याच कारखान्याच्या, अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन रायफलींत एकीची गोळी साडेसहा मिलिमीटरची असते, दुसरीची नऊ पूर्णांक तीनची, आमच्या बोलण्यात नऊ-तीनची. ते बघायला बोल्ट काढून आत डोकवावं लागतं.

नऊ-तीनची जुनी काडतुसं दुकानात आता क्वचितच मिळतात. ती मी घरीच भरते. हे मला पप्पांनी शिकवलं. माझी पहिली रायफलही त्यांचीच, नऊ-तीनची. मी अठराची झाले तेव्हा म्हणाले, "तू घे. माझा खांदा दुखतो." त्यानंतर ते शिकारीला यायचे ते शेकोटी पेटवायला आणि कॉफी उकळायला. रायफल त्यांनी परत हातात घेतली नाही.

माझा भाऊ तॉर्नी १९६४च्या ऑक्टोबरात गेला. एकोणीस वर्षांचा होता, मी बाराची. मूस या घोड्याएवढ्या हरणाच्या शिकारीत तो कुत्रा घेऊन रान उठवत होता. टेकडीखाली पप्पा आणि शेजारचा सिक्स्तेन शंभर पावलांवर दोन जागा धरून उभे होते. झाडीतून मूस निघाला आणि दोघांनी जवळजवळ एकदमच बार काढले. मूस निसटला. तॉर्नी एका पाइनच्या बुंध्याशी पडला होता. गोळी छातीतून आरपार गेली होती.

गोळी कुणी शोधलीच नाही, कारण सिक्स्तेनने तिथेच गुडघ्यावर बसून सांगितलं, "माझी. मी खाली मारली." पोलीस आला तेव्हाही तो तेच म्हणाला. पप्पा काही बोलले नाहीत. मुलगा मांडीवर मेलेल्या माणसाला कोण काय विचारणार? सिक्स्तेनला थोडी शिक्षा झाली, तीही भोगावी न लागणारी. तो तेव्हा सत्तावीसचा होता. माय-लिसशी त्याचं लग्न ठरलं होतं, ते त्याने मोडलं. "दुसऱ्याचं पोर मारून मी स्वतःचं कसं मांडीवर घेऊ," असं तिला म्हणाल्याचं पुढे कानावर आलं. ती किनाऱ्याकडे निघून गेली. तो आईवडलांच्या घरात एकटा राहिला.

अंत्यविधीनंतर आठवड्याने पप्पांनी त्या पाइनवर एक पत्रा ठोकला, तॉर्नीचं नाव आणि तारीख कोरलेला. ते झाड तोडायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. आणि दर वर्षी बर्फ पडायच्या आधी सिक्स्तेनच्या दारात सरपणाची एक गाडी ओतून यायचे. गाव म्हणायचं, असं मन हवं. एकदा पाद्रीसुद्धा चर्चमध्ये त्यावर बोलले. आई मान खाली घालून बसली होती. पप्पा मध्येच उठून बाहेर गेले.

आई गेली, मग पप्पा गेले. २०१३च्या नोव्हेंबरातल्या वादळाने तो पाइन आडवा झाला. रान आता माझ्या नावावर, म्हणून करवत घेऊन मीच गेले. पत्र्याच्या कडा झाडाने गिळल्या होत्या. तो सोडवताना त्याच्या बरोबर मागे करवतीची साखळी लोखंडाला लागल्यासारखी किंचाळली. तेवढा ओंडका घरी आणून फोडला, तर आत गोळी. पुढून चपटी झालेली, बूड मात्र शाबूत. तिच्यावर चढलेली वर्षांची वळी मोजली. एकोणपन्नास.

बूड मापलं. नऊ-तीन.

मला काही धक्का वगैरे बसला नाही. आमच्या गावात तेव्हा जवळजवळ सगळ्यांकडे नऊ-तीनच होती, सिक्स्तेनकडेही असणार. ही त्याचीच गोळी, असं धरून मी ती रुमालात गुंडाळली आणि खणात ठेवली. त्या रात्री थोडी रडले, तॉर्नीसाठी.

वसंतात सिक्स्तेनला अर्धांगाचा झटका आला आणि त्याला वृद्धनिवासात हलवलं. त्याची भाची लीसबेत घर आवरत होती. तिने माझ्या दारात एक लांब पुडकं आणून ठेवलं.

"मामाच्या कपाटात होती," ती म्हणाली. "त्या दिवसानंतर बाहेर काढलेली नाही. तुझ्याकडे आणावी की नाही, तेच कळत नव्हतं. पण दुसरीकडे कुठे नेऊ?"

"ठेव," मी म्हटलं. "मी बघते काय करायचं ते."

ती गेल्यावर मी बोल्ट काढला आणि उजेडाकडे धरून नळीत पाहिलं. नळी बारीक होती. साडेसहा. मी दोनदा मापली. पुडक्यात काडतुसांचं एक खोकंही होतं, अर्धं रिकामं. झाकणावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सिक्स्तेन, साडेसहा, १९६४'. अक्षर पप्पांचं होतं. त्या काळी गावातल्या सगळ्यांची काडतुसं तेच भरून द्यायचे.

त्या दिवशी दोनच बार झाले होते. तिसरा कुणी ऐकला नव्हता.

मग एकेक गोष्ट आपोआप सरळ होत गेली. सालीतलं भोक बघूनच पप्पांना कळलं असणार. ज्याने आयुष्यभर गोळ्या हाताळल्या त्याला ते सांगावं लागत नाही. पत्रा त्यांनी त्या भोकावर ठोकला होता. आणि तीच आपली नऊ-तीनची रायफल मला दिली. तिनेच मी तीस वर्षांत तेवीस मूस मारले, दर खेपेला कौतुक करून घेतलं.

दोन आठवडे मी कुणाला काही बोलले नाही. पप्पा मेलेले, तॉर्नी मेलेला, सिक्स्तेन मरायला टेकलेला. आता सांगून कुणाचं काय भलं होणार, असं रोज स्वतःला सांगत होते. पण निवासावरून जाताना त्याची खिडकी दिसायची आणि मी रस्ता बदलायचे. मी पोस्टात तीस वर्षं गावभर पत्रं वाटली. कुणाचं पत्र कधी दाबून ठेवलं नाही. शेवटी एका गुरुवारी गेले.

सिक्स्तेन खिडकीशी बसला होता. डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडलेला. जीभ मात्र शाबूत होती.

"या पोस्टबाई," तो म्हणाला. "पत्र आणलंस की नुसतीच चौकशी?"

"बोलायचंय, सिक्स्तेन."

"मग कॉफी घे आधी. इथली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. पण आपल्या रीतीने चीजचे तुकडे टाकले की जाते घशाखाली."

मी कॉफीला हात लावला नाही. रुमाल उघडून गोळी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि शेजारी खोक्याचं झाकण ठेवलं. झाड पडल्यापासूनचं सगळं सांगितलं. उजव्या हाताने त्याने गोळी उचलली, चिमटीत फिरवली.

"ही माझ्या नळीत शिरणारसुद्धा नाही," तो म्हणाला.

"नाही."

"हिल्डिंगला, तुझ्या बापाला, माहीत होतं?"

खोटं बोलायची तेवढी एक जागा होती. मी म्हटलं, "मला वाटतं, पहिल्या आठवड्यापासून."

तो खिडकीबाहेर बघत अगदी हळू बोलला. "तो लाकडं टाकायला यायचा ना, तेव्हा मी आत लपून बसायचो. तोंड कसं दाखवू म्हणून. खिडकीतून बघायचो आणि म्हणायचो, केवढा मोठा माणूस." मग म्हणाला, "आणि तोही खिडकीकडे बघायचा नाही."

"मला माफ कर."

"तू कशाला? तू पोर होतीस." मग एकदम विचारलं, "माय-लिस कुठे असते?"

"अकरा वर्षांपूर्वी वारली."

"मुलं?"

"तीन."

त्याने गोळी टेबलावर ठेवली. "मी शहात्तर वर्षांचा आहे, बार्ब्रो. हे घेऊन मी आता काय करू? जा तू. कृपा कर आणि जा."

पुढच्या गुरुवारी त्याने मला आत येऊ दिलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या वेळी नर्सने दार उघडलं आणि म्हणाली, "या, तुमची वाट बघतायत."

"बस," तो म्हणाला. "एक काम आहे. सगळ्यांसमोर सांगायचं. मी जिवंत असताना."

सप्टेंबरात शिकारीच्या आधी आमची मंडळी शाळेच्या जुन्या खोलीत जमते, कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवायला. मी उठून सांगितलं. मग माझा चुलतभाऊ रूने म्हणाला, "मेलेल्या माणसाला आता कशाला उकरून काढतेस? तो तुझा बाप होता."

"सिक्स्तेन मेलेला नाही," मी म्हटलं.

रूने अजूनही माझ्याशी बोलत नाही. पण त्या आठवड्यात निवासात सिक्स्तेनला भेटायला सात जण गेले. टोपी हातात धरून बसून आले म्हणे.

पप्पांची रायफल मी पोलिसांकडे मोडीत दिली. तिथल्या तरुण हवालदाराला जुन्या हत्यारांची जाण होती. तो म्हणाला, "इतकी छान ठेवलेली आहे. विकून का टाकत नाही?" मी कागदावर सही केली.

ऑक्टोबरात सिक्स्तेनने तॉर्नीच्या कबरीवर न्यायला सांगितलं. पन्नास वर्षांत तो दफनभूमीच्या फाटकातून आत गेला नव्हता. आपल्याला तो हक्क नाही, असं त्याने धरलेलं होतं. मी चाकांची खुर्ची खडीवरून रेटत नेली. आमचा दगड एकच आहे, त्यावर तिघांची नावं, तॉर्नी, आई आणि पप्पा. ते त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं.

त्याने डोळे बारीक केले. "मला दिसत नाही नीट. वाच."

मी तॉर्नीचं नाव वाचलं, जन्माची तारीख वाचली, दुसरी तारीख वाचली. मग आईचं नाव वाचलं. पुढे तोंड उघडलं तेव्हा त्याने उजवा हात वर केला.

"पुरे," तो म्हणाला. "आज एवढंच."

फेब्रुवारीत तो गेला. लीसबेतला विचारून मी त्याची साडेसहाची रायफल ठेवून घेतली आहे. नोव्हेंबरात आमच्याकडे कबरींवर मेलेल्यांसाठी दिवे लावतात, त्या वर्षी मी पप्पांच्या नावाचा दिवा लावला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी लावला.