बंद हातोड्याची तक्रार

माझा उजवा खांदा झिजलाय. डॉक्टरीणबाईंनी मला आणि ह्यांना समोर बसवून एक्स-रेचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, अजून वर्षभर घण मारलात तर हात कायमचा जाईल. आत्ताच केस बांधायला तो वर होत नाही, लेक बांधून देते. बावीस वर्षं आमचे हे सांडशीत तापलेलं लोखंड धरतात आणि घण मी मारते. दारावर पाटी मात्र ह्यांच्या एकट्याच्या नावाची.

म्हणून पॉवर हॅमर घेतला. बंद पडलेल्या कारखान्यातला, जुना, माणसाहून उंच, मोटर आणि पट्ट्यावर चालणारा. क्रेनने तो ट्रकवर ठेवला तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटतेय. आमच्या जुन्या खोलीचं छत त्याला पुरेना, म्हणून जागा शोधायला निघालो, तर आवाजाच्या नावाने जो तो कानांवर हात ठेवायला लागला. एकाने विचारलं, "यंत्र कशाला? घण मारायला घरात कुणी नाही का?" हे म्हणाले, "आहे की," आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

सहा जणांनी वाटेला लावलं. सातवी मिळाली ती एका दुमजली इमारतीमागची शेड, तीन वर्षं रिकामी पडलेली. मालक म्हणाला, महिनाभर बघू. आम्ही जमीन खणून काँक्रीटचा पाया भरला, हातोडा बोल्टांनी आवळला. पाया पक्का होईपर्यंत तो चालवायचा नव्हता, म्हणून पट्टा चढवलाच नाही. पण गिऱ्हाइकांच्या पहारी खोळंबल्या होत्या. मग शेजारीच ऐरण मांडली आणि मी पुन्हा घण उचलला.

चौथ्या दिवशी मालक तणतणत आला. "काढा ते यंत्र. चार दिवस भिंती हादरताहेत. वरच्या मजल्यावरच्या टेलरचा कप फळीवरून पडून फुटला. शिवण सरळ येत नाही म्हणतो."

"कुठलं यंत्र?" मी विचारलं.

"हे काय समोर उभं आहे, वहिनी. मला काय येडा समजलात?"

मी त्याला मागच्या बाजूला नेलं. मोटरला वायर जोडलेली नव्हती, चाकावर पट्टा नव्हता, ट्रकवर असताना बांधलेलं गोणपाटसुद्धा तसंच होतं.

"ह्याने अजून एक घाव घातलेला नाही," मी म्हटलं. "टेलरचा कप मी फोडला. ह्या हाताने."

त्याने माझ्याकडे बघितलं, घणाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "असं होय. मग काही हरकत नाही. टेलरला मी समजावतो. तुम्ही आपलं हातानेच चालू ठेवा, यंत्र तेवढं नको."

म्हणजे भिंती हादरल्या त्या हादरल्याच नाहीत. यंत्राने केला तर त्रास, माझ्या खांद्याने केला तर चालेल.

आणि आमचे हे? भट्टीतले निखारे सारखे करत म्हणाले, "तसंच करू की. पुढचं पुढे बघू."

मी घण ह्यांच्या हातात दिला आणि सांडशी ओढून घेतली. "मारा."

भट्टीतली पहार काढून ऐरणीवर धरली. मालक बघत होता, त्यामुळे ह्यांना नाही म्हणता येईना. पहिले चार घाव जोरात बसले. सहाव्याला दम लागला. अकरावा पहारीवर न पडता ऐरणीच्या कडेला आपटला आणि हे खांदा धरून खोक्यावर बसले.

"एका पहारीला साठ लागतात," मी म्हटलं. "दिवसाच्या दहा पहारी."

ह्यांनी बराच वेळ खांदा चोळला. मग मालकाला म्हणाले, "यंत्र चालणार नसेल तर आम्ही उद्या निघतो. घण आता बंद."

शेड पुन्हा रिकामी पडेल हे मालकाला कळत होतं. "दहा ते चार चालवा," तो पुटपुटला आणि गेला.

तो गेल्यावर हे म्हणाले, "इतकं दुखतं होय गं? आधी सांगायचंस ना."

सांगायचंस म्हणे. मी ती पहार भट्टीत परत खुपसली, नाहीतर माझ्या हातून काय झालं असतं कोण जाणे. डॉक्टरीणबाई फोटो दाखवत होत्या तेव्हा हे माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.