शाळेकडची दुसरी वाट

वस्तीत तीन अभ्यासिका होत्या. एक विहारात, एक समाजमंदिरात आणि एक शाळेच्या हॉलमध्ये. इंटरनेट यायचं फक्त विहारात. तिथून गच्चीवरच्या अँटेनांनी ते बाकी दोन्हीकडे जायचं. शाळा आणि समाजमंदिरही एकमेकांना जोडलेली होती. हे सगळं उभं केलं होतं कीर्तीनं. ती संगणकाच्या दुकानात कामाला होती.

अडचण एकच होती. विहार आणि शाळेमधली जोडणी तुटली की शाळेचं नेट बंद. समाजमंदिरावरून वाट होती, पण शाळेच्या राउटरला ती ठाऊक नसायची. मग कीर्तीनं काम टाकून यायचं आणि हातानं वाट बदलून द्यायची.

रविवारी शाळेत भरती परीक्षेचा ऑनलाइन सराव पेपर होता. चाळीस जण बसणार होते. शनिवारी दुपारी कीर्तीनं ठरवलं, आता राउटरांनीच आपापसात बोलून वाट शोधायची. दर सेकंदाला शेजाऱ्याला हाक द्यायची. चार सेकंद हाक आली नाही, तर दुसरी वाट धरायची.

विहार आणि समाजमंदिर लगेच बोलायला लागले. शाळेचा राउटर मात्र गप्प. कीर्तीनं तारा पाहिल्या, आकडे पाहिले, राउटर बंद करून चालू केला. तास गेला. शेवटी दिसलं, शाळेच्या राउटरवर हाकेची वेळ दहा सेकंद आणि वाट पाहायची वेळ चाळीस सेकंदच राहून गेली होती. वेळ जुळत नाही म्हणून शेजारी त्याला ओळखच देत नव्हते. तिनं दहाचा एक केला, चाळिसाचे चार केले, आणि पडद्यावर दोन्ही शेजारी उमटले.

"आले गं बाई!" रिकाम्या हॉलमध्ये ती एकटीच ओरडली.

रविवारी पेपर सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली असतील. शेजारच्या गच्चीवर माणसांनी पाण्याची काळी टाकी चढवली ती नेमकी शाळेच्या विहाराकडे तोंड असलेल्या अँटेनासमोर. दारात लॅपटॉप घेऊन बसलेल्या कीर्तीला विहाराकडची रेघ लाल झालेली दिसली. ती सेकंद मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार... तिनं आत डोकावलं. नेट जरा अडकलं की सगळ्यात आधी ओरडणारी ऋतुजा निवांत उत्तरं निवडत होती. सगळं समाजमंदिरावरून चाललं होतं.

कीर्तीनं तोंडावर हात दाबला. हॉलची किल्ली सांभाळणाऱ्या नागूबाई घाबरून जवळ आल्या.

"काय झालं गं? रडायलीस का हसायलीस?"

"काही झालं नाही, आत्या! जोडणी तुटली आणि काहीच झालं नाही!"

"मग लई चांगलं झालं म्हण की!"

कीर्तीनं त्यांना ओढतच पटांगणात नेलं आणि दोघी पोट धरून हसल्या. कशाला हसतोय ते नागूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

पेपर संपल्यावर ऋतुजा तोंड पाडून बाहेर आली.

"ताई, गणितं लई अवघड होती. नेमकं आजच नेट गेलं न्हाय. गेलं असतं तर जरा विचार करायला तरी वेळ मिळाला असता."