अर्ध्या तिकिटाचं मत

जन्मभर बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरात बसवत नाही. कंडक्टरांचं तसंच झालं होतं. नोकरी सुटली तरी गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत, आणि नाव काढत ते त्यांच्या काटेकोरपणाचं. त्यांच्या बसमधून फुकट गेलेला माणूस शोधून सापडला नसता. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी भर रस्त्यात खाली उतरवलं होतं. बायको माहेरी निघाली की तीही पर्समधून सुटे पैसे काढून पुढे करायची आणि हे तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघत तिकीट फाडायचे. नळवाल्याच्या तर पाइपांना त्यांनी वेगळं लगेज लावलं होतं. नळवाला ते अजून विसरला नव्हता आणि दुसऱ्या कोणाला विसरूही देत नव्हता.

त्यामुळे गल्लीतल्या वाचनालयाने 'छोटं घर, छान घर' अशी स्पर्धा काढली आणि निकाल लोकांच्या मतांवर लावायचं ठरवलं, तेव्हा मतं कोण सांभाळणार यावर चर्चासुद्धा झाली नाही. ग्रंथपालबाई सरळ कंडक्टरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही बसलात की कोणाची बोलायची हिंमत नाही," त्या म्हणाल्या.

"माझी सून आहे स्पर्धेत," कंडक्टर म्हणाले.

"म्हणूनच तर तुम्ही. दुसरा कोणी बसला तर लोक कुजबुजतील. तुम्ही बसलात तर लोक तुमच्या सुनेची कीव करतील."

यावर कंडक्टर खूश झाले. आता यात खूश होण्यासारखं काय होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

सुनेसाठी मात्र ही स्पर्धा म्हणजे गंमत नव्हती. ती दिवसभर फरशांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. लोकांना त्यांच्याच घरासाठी कुठली फरशी शोभेल ते सांगायची आणि लोक नेमकी दुसरी घेऊन जायचे. लहान घरं लावून द्यायचं आपलं स्वतःचं काम सुरू करावं, हे तिच्या मनात कधीचं होतं. जिंकणाऱ्या घराचं चित्र, ते लावणाऱ्याच्या नावासकट, वर्षभर वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर राहणार होतं. तिथून पहिलं गिऱ्हाईक येईल, एवढीच तिची आशा. नवरा परगावी नोकरीला. घरात सासू, सासरे आणि ती.

दोन खोल्या आणि मधला बोळ, एवढं ते घर. पण त्यात तिने जीव ओतला होता. भिंतीला उभी करून ठेवायची आणि उलटी केली की टेबल व्हायची अशी खाट. पिशव्या-टोप्यांसाठी खुंट्यांच्या दोन रांगा, एक वर, एक पार खाली, कारण सासूबाई उंचीने बेताच्या. खिडकीचा कट्टा रुंद आणि इतका बसका की पोरंटोरं आपली आपण चढून बसत. स्वयंपाकघराच्या दाराला कमरेच्याही खाली एक गोल काचेची खिडकी. "ही कोणासाठी?" असं सासऱ्यांनी विचारलं, तर म्हणाली, "बुटक्या पाहुण्यांसाठी. त्यांनाही कळू दे की आत काय शिजतंय." आणि बोळात, जिथे वाट अगदी चिंचोळी होते तिथे, जमिनीपासून छतापर्यंत एक स्टीलचा दांडा.

"हे घर आहे की बस?" कंडक्टरांनी तेव्हा विचारलं होतं. आठवडा लोटायच्या आत ते त्याच दांड्याला पाठ टेकून, एक पाय किंचित पुढे टाकून, पेपर वाचताना दिसू लागले. खुर्ची रिकामी असली तरी. पण चांगलं आहे, असं त्यांच्या तोंडून काही निघालं नाही. आपल्या माणसाचं कौतुक म्हणजे त्यांच्या लेखी पक्षपात.

मतदानाच्या सकाळी त्यांनी घरात फर्मान काढलं, "आपल्या घरातल्या कोणी मत द्यायचं नाही. मीही नाही."

"बेकरीवाल्याची अख्खी पलटण मत देणार आहे," बायको म्हणाली.

"त्याचं तो बघेल."

बेकरीवाला हा खरा प्रतिस्पर्धी. माणूस लोण्यासारखा मऊ, आणि घरही खरोखर छान. बेकरीच्या वरच्या मजल्यावर, भट्टीच्या भिंतीला लागून त्याने एक लांब बाक बांधला होता, तो कायम उबदार असायचा. आदल्या दिवशी सगळी घरं तपासायला म्हणून कंडक्टर गेले, तेव्हा त्या बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता. बाकीची घरंही होती, पण लढत या दोघांतच होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

वाचनालयाच्या भिंतीवर ग्रंथपालबाईंनी मोठ्या अक्षरात नियम लावला होता: 'सगळी घरं बघून येणाऱ्या प्रत्येकाला एक मत.' प्रत्येक घराच्या फोटोखाली एक डबा. दारात टेबल टाकून कंडक्टर बसले. बसले म्हणजे काय, उभेच राहिले. माणूस सगळी घरं बघून आला की ते त्याला तिकीट फाडून देत आणि त्याने ते आवडलेल्या घराच्या डब्यात टाकायचं. गर्दी लोटली, तसा कंडक्टरांच्या अंगात जुना उत्साह संचारला. "पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे," असं ते वाचनालयात ओरडत होते.

आणि मुलं आली की ते तिकीट मधोमध फाडून अर्धं हातात देत होते.

यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. गंमत म्हणजे कोणालाच वाटलं नाही. गल्लीतली झाडून सगळी माणसं त्यांच्या बसमधून शाळेत गेलेली. लहानाला अर्धं हे त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं. आया पोरांचा हात धरून येत, अर्धं तिकीट घेत आणि निमूट पुढे सरकत. फक्त बेकरीवाल्याच्या नातीने विचारलं, "आजोबा, उरलेलं अर्धं कोणाचं?"

"सरकारचं," कंडक्टर म्हणाले, आणि पुढच्याला तिकीट फाडलं.

दुपार कलल्यावर दार लोटून मोजणी झाली. खोलीत तिघंच होते, कंडक्टर, ग्रंथपालबाई आणि चहा घेऊन आलेली कंडक्टरांची बायको. कंडक्टरांनी डबे ओतले आणि अर्धी तिकिटं जोडीजोडीने लावायला घेतली. दोन अर्ध्यांचं एक. सुनेच्या डब्यातून अर्ध्यांचा हा ढीग निघाला. गल्लीतलं एकूण एक पोर त्या बसक्या कट्ट्यावर चढलं होतं आणि त्या गोल खिडकीतून आत डोकावलं होतं. हिशेब लागला. बेकरीवाला पुढे होता, फार नाही, पण पुढे.

"हे तुकडे कसले?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"मुलांचे. अर्धं तिकीट."

ग्रंथपालबाईंनी भिंतीकडे बोट केलं. कंडक्टरांनी नियम वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. 'प्रत्येकाला एक.' त्यात वयाचा काही उल्लेख नव्हता. पूर्ण धरली तर सून जिंकत होती, हे समजायला त्यांना कागद-पेन्सिल लागली नाही.

"झालं ते झालं," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या. "कोणाची तक्रार नाही. बेकरीवाल्याचंही घर सुरेखच आहे. आता निकाल फिरवलात तर लोक म्हणतील, शेवटी सुनेकडे ओढलंच. इतक्या वर्षांचं नाव तुमचं."

कंडक्टरांनी क्षणभर तो विचार करून पाहिला. बाहेर जाऊन बेकरीवाल्याचं नाव घ्यायचं. लोक म्हणणार, बघा, स्वतःच्या सुनेला हरवलं, पण मत इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. हे कल्पनेतसुद्धा त्यांना इतकं गोड लागलं की ते स्वतःच दचकले.

बायकोने चहाचा कप ठेवला तो जरा आदळूनच. "अहो, एक विचारू? माझ्या भावाला उतरवलंत, माझं तिकीट फाडलंत, पोराचंही फाडलंत. मी कधी हूं की चूं केलं नाही, कारण ते बरोबरच होतं. पण आता मला मत नाही, तुम्हाला मत नाही आणि पोरांना अर्धं. हा कुठला न्याय? घरच्या माणसाचं नुकसान झालं की तुम्हाला वाटतं न्याय झाला."

इतक्या वर्षांत कंडक्टरांना असं कोणी सुनावलं नव्हतं. आणि जे सुनावलं ते खरं होतं, ही त्यातली वाईट गोष्ट.

ते उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि बाहेर गेले. अंगणात सगळी गल्ली निकालासाठी ताटकळत होती. सून एका कडेला भिंतीला टेकून उभी होती, जणू आपला काही संबंधच नाही.

"निकाल तयार आहे, पण तो चुकीचा आहे," कंडक्टर म्हणाले. "चूक माझी. नियम होता प्रत्येकाला एक मत. मी मुलांना अर्धं दिलं. सवयीने दिलं, पण दिलं. ती मतं पूर्ण धरली तर माझी सून जिंकते. नाही धरली तर बेकरीवाले जिंकतात. आता बोला."

चांगलीच कुजबुज झाली. मग नळवाल्याचा आवाज आला. तो यायचाच होता. "वा, कंडक्टर. म्हणजे सुनेला लगेज माफ?"

लोक हसले. कंडक्टरांचे कान तापले. सून पुढे आली. "बाबा, राहू द्या. मला नको असं."

"तू गप्प बस," कंडक्टर म्हणाले. मग ते नळवाल्याकडे वळले. "नळवाले, तुमचं बरोबर आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. अर्धी तिकिटं मी बाजूला काढली. मुलांनी पुन्हा मत द्यायचं, इथे, सगळ्यांदेखत. डबे बाहेर आणा. आणि तिकिटं तुम्ही फाडायची."

नळवाला चपापला. पण सगळे बघत होते, माघार कशी घेणार? त्याने तिकिटं हातात घेतली आणि बघता बघता त्याच्याही आवाजात जरब आली. "रांगेत या. ढकलाढकली नको. पूर्ण तिकीट, पूर्ण."

मग जी धमाल उडाली ती विचारू नका. पूर्ण तिकीट म्हटल्यावर पोरांची छाती दोन बोटं वर आली. एकाने ते उजेडात धरून खरं आहे का ते तपासलं. तेवढ्यात बेकरीवाला बिस्किटांचा ट्रे घेऊन रांगेशी आला आणि कंडक्टर कडाडले, "ट्रे मागे न्या."

"सवयीने आणला हो," बेकरीवाला ओशाळून म्हणाला, आणि ट्रे घेऊन मोठ्या माणसांत जाऊन बसला.

त्याची नात पुढे आली. आजोबांच्या डब्यावरून सरळ पुढे गेली आणि तिकीट कंडक्टरांच्या सुनेच्या डब्यात टाकलं. "घरातच फितुरी," बेकरीवाला कपाळाला हात लावून म्हणाला. "त्यांच्या दाराला माझ्या मापाची खिडकी आहे," नात म्हणाली. "आपल्याकडे सगळं तुमच्या मापाचं." यावर बेकरीवाला इतका हसला की ट्रेमधली बिस्किटं खाली सांडली.

रांगेत पोरांच्या मागे, त्यांच्याहून किंचितच उंच, एक बाई उभी होती. कंडक्टरांची बायको. नळवाल्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आजी, तुम्ही?"

"मी सगळी घरं बघून आलेय. भिंतीवर लिहिलंय, प्रत्येकाला. प्रत्येकात मी येत नाही का?"

नळवाल्याने कंडक्टरांकडे पाहिलं. कंडक्टर खाली बघत म्हणाले, "येते. मीही येतो." आणि तेही बायकोच्या मागे रांगेत उभे राहिले.

त्यांची पाळी आली. हातात तिकीट घेऊन ते डब्यांपुढे थांबले. उबदार बाक त्यांना आठवला. तिथे झोप छान लागली होती, हे नाकारून चालणार नव्हतं. पण रोज सकाळी दांड्याला टेकल्यावर पायांना जी ओळख पटायची, जन्मभराची नोकरी परत मिळाल्यासारखी, ती कुठल्या बाकावर मिळणार? आणि ती कोणीतरी हेरून, न विचारता, त्यांच्यासाठी बोळात उभी करून ठेवली होती. त्यांनी तिकीट सुनेच्या डब्यात टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे मत सासऱ्याचं नाही. त्या घरात राहणाऱ्याचं आहे. मला ते घर फार आवडतं. आधीच सांगायला हवं होतं."

मोजणी नळवाल्यानेच केली, ओरडून ओरडून. सून जिंकली, आणि चांगली दणदणीत जिंकली. पोरं अशी नाचायला लागली जशी तीच जिंकली होती, आणि एका अर्थी ते खरंही होतं. बेकरीवाल्याने सगळ्यांना बिस्किटं वाटली आणि तिथल्या तिथे सुनेला सांगून टाकलं की दुकानाच्या मागची त्याची अडगळीची खोली आता तिनेच लावून द्यायची, आणि ती नातीच्या मापाची हवी. नळवाला हिशेबाचा कागद कंडक्टरांना देत म्हणाला, "तुमचं काम सोपं नाही हो."

गर्दी पांगल्यावर कंडक्टर डबे आवरत होते आणि सून फोटो उतरवत होती. त्यांनी कागदावरचा हिशेब पुन्हा एकदा नजरेखालून घातला. दणदणीतच होता.

"म्हणजे माझ्या मताची काही गरज नव्हती," ते जरासे हिरमुसून म्हणाले.

सुनेने हातातला फोटो खाली ठेवला.

"मला होती, बाबा," ती म्हणाली.