माशांना उपाशी कसं ठेवायचं?

घड्याळजींच्या घरात डास इतके माजले होते, की दुरुस्तीला आलेल्या एका मनगटी घड्याळात काही शिरले आणि आतून चाकं ढकलू लागले. घड्याळ पुढं पळायला लागलं. गिऱ्हाईक म्हणालं, राहू द्या, कामावर उशीर तरी होत नाही. हे खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. पण डास आले कुठून, ते मात्र सोळा आणे खरं आहे. घड्याळजींनी ते पोसले होते.

झालं असं. मागं गल्लीत डेंग्यू आला, तेव्हा आरोग्य खात्याच्या ताईंनी त्यांच्या हौदात गप्पी मासे सोडले. हे मासे डासांच्या अळ्या खातात. त्यांनी हौद चाटूनपुसून साफ केला, आणि घड्याळजींचा जीव खालीवर होऊ लागला. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, त्याला माशांच्या बरगड्यासुद्धा दिसायला लागल्या. मग त्यांनी अंगणात बादल्या उघड्या ठेवल्या. अळ्या धरल्या की गाळणीनं गाळायच्या आणि हौदात वाढायच्या. बादल्यांमागून फुटका टब आला, टबामागून टायर. गाळणीतून निसटलेल्यांना पंख फुटत होते, ते काही भिंगात दिसलं नाही.

अशात पोटुशी लेक महिनाभर विश्रांतीला यायची होती. तिचा फोन आला.

"बाबा, आई म्हणते घरात दिवसाढवळ्या डास फोडून काढतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता डेंग्यू झाला तर माझ्या आणि बाळाच्याही जिवावर बेतेल. मी नाही येत."

घड्याळजींनी फोन खाली ठेवला. बायको म्हणाली, "अहो, जा, पंगत बसवा माशांची. लेक काय, येईल पुढच्या जन्मी."

"अगं, मुकी जनावरं ती."

"मुकी म्हणून बरं. बोलती असती तर म्हणाली असती, यजमान, पुरे आता."

घड्याळजी बाहेर गेले आणि बादल्या पालथ्या घालू लागले. ताई तेवढ्यात गल्लीच्या फेरीवर आल्या.

"काका, नुसतं ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून बसतात, सुकली तरी जगतात. दर आठवड्याला घासून कोरडं करा, आणि तो टायर काढा इथून."

"आणि मासे काय खातील?"

"हौदातलं शेवाळ."

"तुम्ही राहाल का शेवाळावर?"

ताईंनी हात जोडले. "मग द्या ज्यांच्याकडं अळ्या असतील त्यांना."

घड्याळजींनी सगळं घासलं, टायर घालवला आणि बरणीत मासे घेऊन निघाले, उपवर मुलींचा बाप निघावा तसे. शिंप्याच्या पिंपात भिंग लावून डोकावले आणि खूश झाले.

"वा. खाऊनपिऊन सुखी घर. तुमच्याकडं सुखात नांदतील."

शिंप्याचा चेहरा पडला. शेजारच्या इस्त्रीवालीचं पिंप झाकलेलं, पाणी आरशासारखं. घड्याळजी हळहळले. "तुमच्याकडं नको, बाई. उपासमार होईल."

इस्त्रीवालीनं हे गल्लीभर मिरवलं. मग काय, घड्याळजींची बरणी दिसली की घराघरांत घासणी फिरू लागली. पिंपांना झाकणं बसली, कुंड्यांखालच्या बशा रित्या झाल्या. सुखी घर म्हणवून घ्यायला कुणी तयार होईना. शिंप्यानं तर पिंप इतकं घासलं, की पलीकडचा रस्ता दिसायला लागला. घड्याळजी भरल्या बरणीनिशी घरी परतले आणि मासे पुन्हा हौदात सोडू लागले.

"कुणी पदरात घेतलं नाही?" बायकोनं विचारलं.

"गल्लीत अळी औषधालाही उरली नाही."

हे ऐकलं आणि तिनं लेकीला फोन लावला.

लेक आली. भर दुपारी अंगणात खाटेवर पसरली आणि घोरायला लागली. अंगावर एक डास बसला नाही. जाग आली तेव्हा वडील हौदाशी तोंड पाडून बसलेले. तिनं पाण्यात पाहिलं. काडीएवढी पिल्लं, मुठीनं उधळावीत तशी.

"बाबा, उपाशीपोटी एवढा संसार?"

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं.

"आता यांना काय घालायचं गं?" ते म्हणाले.

स्वयंपाकघरात हे ऐकताच बायकोनं आधी गाळणी उचलली आणि कपाटात कुलूपबंद केली.